धवल्याचं मागचं अर्धं

माहेरी कडावला एक जुना कॉम्प्युटर आहे. भावाने कॉलेजात असताना घेतलेला, डबा पांढरा होता तो आता पिवळा पडलाय. मॉनिटर तर केव्हाच गेला. भंगारवाल्याने कितीदा विचारलं, पण भावाने दिला नाही. यात जपणूक वगैरे काही नव्हती, शुद्ध आळस होता. त्या आळसासाठी मी त्याचे आभार मानले, तेही पहिल्यांदाच.

माझी आई धवलारीण. लग्नघरी मांडव पडला, हळद लागली की जी गाणी म्हणतात ते धवले. ते म्हणायला आमच्याकडे, पार कशेळ्यापर्यंत, तिलाच बोलावणं यायचं. ओळ आई सुरू करायची आणि मागे बसलेल्या बायका ओळीचं मागचं अर्धं उचलायच्या. पुढचं अर्धं दुसऱ्या कुणाला पाठ करावं लागलंच नाही, ते आईकडे असायचं. माझ्या लग्नात ती नवरीची आई, तिला उसंत कुठली? तरी दुसरीला बोलवू दिलं नाही. पदर खोचून हळदीला स्वतः म्हणायला बसली.

गेल्या भातकापणीनंतर तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. कळतं सगळं, बोलता काही येत नाही. खालापूरहून मी शनिवार-रविवारी जायचे, तिच्याजवळ बसून एकटीच बडबडायचे. बडबडून चिडायचे आणि चिडले म्हणून रडायचे.

मग भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. सुपारी फुटली त्या दिवशी घरात पेढे वाटत होतो. आईने पेढा बाजूला ठेवला, डाव्या हाताने कोपऱ्यातला कॉम्प्युटर दाखवला आणि तीच बोटं स्वतःच्या गळ्यावर ठेवली. पुन्हा कॉम्प्युटर, पुन्हा गळा. कुणाला कळेना. मग मला कळलं. माझ्या लग्नाच्या शूटिंगची सीडी भावाने कधीतरी त्यात भरून ठेवली होती. सीडीला बुरशी लागून ती गेली, पण कॉम्प्युटरात माझी हळद होती, हळदीत आई होती, आणि आईचा आवाज होता. नातीच्या हळदीला तिला तो हवा होता.

मॉनिटर नसताना आतलं दिसणार कसं? घरात टीव्ही नवा, मोठा, भिंतीवर टांगलेला. त्याला कॉम्प्युटर जोडायचा ठरला. पण कॉम्प्युटरची वायर जुन्या पद्धतीची, निळ्या तोंडाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली. टीव्हीला तसं भोकच नाही. मी कर्जतला स्टेशनजवळच्या दुकानातून दोन्हींच्या मधे लावायचा अडॅप्टर आणला. तोंडं अचूक बसली, पण पडदा काळाच. दुकानदाराला जाऊन सुनावलं, तर तो शांतपणे म्हणाला, “ताई, हा उलटा आहे. नव्या मशीनवरून जुन्या पडद्यावर नेणारा. तुम्हाला जुन्यावरून नव्याकडे जायचंय.” त्याने दुसरा दिला. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना, तो मी घरी येऊन भावावर काढला.

दुसऱ्या अडॅप्टरने चित्र आलं. भावाने फाइल शोधून लावली. टीव्हीभर आमचं जुनं अंगण, हिरवा मांडव, पाटावर हळदीने माखलेली मी, आणि माझ्यामागे आई. केस काळे, तोंड उघडलेलं, मान किंचित वर. ती गात होती आणि घरात चिडीचूप. खुर्चीतल्या आईने कानाला हात लावून माझ्याकडे पाहिलं.

त्या जुन्या वायरीतून नुसतं चित्रच जातं म्हणे, आवाज जातच नाही. त्याला वेगळी बारीक वायर लागते. “आणते गं उद्या,” मी म्हटलं. रात्री आई नीट जेवली. चुलतीला, म्हणजे धवल्यात कायम तिच्यामागे बसणारीला, तिने हाताने खुणावून दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी वायर लागली. चुलती आईच्या खुर्चीला टेकून बसली. भावाने आवाज वाढवला आणि घरात ढोलकी, बासऱ्या आणि एक सिनेमातलं गाणं घुमलं. चित्रात आईचे ओठ हलत होते, आवाज मात्र कुठल्या तरी नटीला उसना दिलेल्या गळ्याचा होता. भावाने फाइल पुढे नेली. एक गाणं संपलं की दुसरं. शूटिंगवाल्याने सगळा खरा आवाज काढून वर गाणी चढवलेली. तेव्हा सगळेच असं करायचे.

मी शूटिंगवाल्याला शिव्या घालायला तोंड उघडलं. चुलतीने माझा हात धरला.

“त्याला नको बोलू. तुज्या आयनंच सांगितलं व्हतं त्याला. तो इचारायला आलता ना, कंची गानी घालू. ही म्हनली, आमच्या म्हातार्‍यांचं रडगानं कशाला ठेवतूस रं, लोकं हसतील. पिच्चरची चांगली गानी घाल.”

मी आईकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. तिला आठवत होतं. मला वाटतं, गाणं सुरू झालं त्या क्षणीच तिला आठवलं. मी तिला जवळ घेतलं, पण तिचं अंग ताठ होतं, जसं परक्याने धरल्यावर होतं तसं.

“तुमाला तर धवले येत असतील ना?” भाचीने चुलतीला विचारलं.

“मागलं तेवढं येतं, बाय. पुढलं हिचं व्हतं.”

हळदीच्या दिवशी टीव्ही मांडवात आणायचं कारणच उरलं नव्हतं. पण आई ऐकेना. डाव्या हाताने सारखी टीव्ही दाखवत राहिली, तेव्हा भावाने तो खाली उतरवून कॉम्प्युटरसकट मांडवात टेबलावर मांडला. मी बारीक वायर काढून टाकली. डीजेवाल्याला भावाने गप्प बसवलं. पाटावर भाची, समोर पडद्यावर मुकी आई, बाजूला खुर्चीत मुकी आई.

चुलती आणि तीन-चार म्हाताऱ्या पडद्याजवळ सरकून बसल्या आणि आईच्या ओठांकडे बघत राहिल्या. ओठ हलले, थांबले, आणि त्या म्हाताऱ्यांनी मागचं अर्धं उचललं. बरोब्बर जागेवर. मग पुन्हा गप्प. पुन्हा ओठ हलले. मी भाचीच्या गालाला हळद लावत होते.

असा अख्खा धवला झाला. प्रत्येक ओळीचं पुढचं अर्धं रिकामं होतं, आणि तेवढा वेळ आम्ही सगळे आईसाठी थांबत होतो. खुर्चीतली आई पडद्याकडे बघत नव्हती. डोळे मिटून ओठ हलवत होती, त्या रिकाम्या जागेत, आवाजाशिवाय, एकही शब्द न चुकता.