रेडिओआक्काचे फोटोवाले

पाहुणा फोटोग्राफर अल्बम घेऊन स्टुडिओत आला की रेडिओआक्का तो त्याच्या हातातून काढून घ्यायच्या, टेबलाच्या खणात ठेवायच्या आणि खणाला किल्ली लावायच्या. किल्ली कमरेला खोचून म्हणायच्या, "आता सांगा." माणूस गडबडून जायचा. पानं उलटत बोलायचं असं घरून ठरवून आलेला असायचा बिचारा. मग आक्का समजावायच्या, "पावणं, माझ्या श्रोत्याला अल्बम दिसत न्हाय. मग तुम्हाला तरी कशाला दिसाय पायजे?"

ही नव्वदनंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मी तेव्हा कोल्हापूरच्या रेडिओ केंद्रावर नैमित्तिक निवेदक होतो. म्हणजे महिन्यातले सहा दिवस माइकसमोर आणि बाकीचे दिवस शाहूपुरीतल्या एका टायपिंगच्या क्लासात. आक्का कार्यक्रम विभागात कायम नोकरीला होत्या. मूळच्या निपाणीच्या, लिंगायत घरातल्या, तंबाखूच्या व्यापाऱ्याची मुलगी. घरात कानडी, बाहेर मराठी. लग्न केलं नव्हतं, त्याबद्दल कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच सांगायच्या. माइकवर त्यांची भाषा स्वच्छ, पुस्तकी असायची. लाल दिवा विझला की मात्र पुन्हा हाय-न्हाय सुरू.

फोटोग्राफरांच्या मुलाखतींची मालिका ही त्यांचीच कल्पना. दर गुरुवारी संध्याकाळी पंधरा मिनिटं. आमचे साहेब हसले होते. रेडिओवर फोटोवाले म्हणजे आंधळ्याला आरसा, असं काहीसं म्हणालेही. आक्कांनी वाद घातला नाही. दिसत नाही म्हणूनच विचारायचं, दिसलं असतं तर विचारलं कशाला असतं, एवढं बोलून त्यांनी मंजुरीचा कागद पुढे सरकवला.

प्रश्न विचारल्यावर त्या गप्प बसायच्या. रेडिओवर शांतता म्हणजे पाप, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. आक्का खुशाल ते पाप करायच्या. पाहुणा अडखळला तरी त्याच्या मदतीला धावायच्या नाहीत. काचेपलीकडून मला त्यांचे ओठ हललेले दिसायचे. एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, कानडीत दहापर्यंत मोजते. ओंदु, एरडु, मूरु. बहुतेक माणसं सातच्या आत खरं बोलतात. नंतर मी ब्लेडने टेप कापून ती शांतता थोडी कमी करायचो, पण एखादा सेकंद मुद्दाम ठेवायला लावायच्या. म्हणायच्या, "ह्येवढ्यात त्यानं इचार केलाय. त्यो बी ऐकू दे की लोकांना."

त्यांची आणखी एक खोड होती. मुलाखतीच्या आदल्या दिवशी खांद्याला टेपरेकॉर्डर अडकवून त्या शाहूपुरीत जायच्या. गुळाचे व्यापारी, हमाल, चहावाला, बँकेतून बाहेर पडणारी माणसं, दिसेल त्याला फोटोग्राफरचं नाव विचारायच्या. कुणाला माहीत नसायचं. मग त्याने काढलेला एखादा फोटो पिशवीतून दाखवायच्या, आणि निम्म्याहून जास्त लोक म्हणायचे, "ह्यो व्हय? ह्यो बघितलाय की." कुणी तो दवाखान्यात बघितलेला असायचा, कुणी सोसायटीच्या कॅलेंडरवर, कुणी लग्नपत्रिकेत. पैलवानांचे फोटो काढणारा एक जण तर असा निघाला, की त्याचा एक फोटो चार तालमींत लावलेला आणि त्याचं नाव त्याच्या गल्लीबाहेर कुणाला ठाऊक नाही. हे आवाज आक्का कार्यक्रमाच्या सुरुवातीला लावायच्या.

या खोडीपायी एकदा त्यांच्या हातून चूक झाली. मुंबईचे एक मोठे फोटोग्राफर प्रदर्शनासाठी कोल्हापुरात आले होते. आक्कांनी त्यांना बोलावलं आणि पहिल्याच प्रश्नाआधी शाहूपुरीचे आवाज ऐकवले. त्यात त्यांचं नावही कुणाला माहीत नव्हतं आणि फोटोही. ते गृहस्थ उठून गेले. त्यांनी तक्रार केली, साहेबांनी आक्कांना लेखी विचारणा केली. आक्कांनी उत्तरात एकच ओळ लिहिली, की पाहुण्याचा अपमान झाला, चूक माझी. मला मात्र त्या संध्याकाळी कँटीनमध्ये जास्त बोलल्या. माणूस नावाजलेला आहे की नाही हे विचारायच्या नादात आपण त्याला घरी बोलावून त्याचा पाणउतारा केला, आपल्या आईनं हे बघितलं असतं तर जेवायला वाढलं नसतं. त्यानंतर पाहुण्याला आधी ऐकवल्याशिवाय आणि त्याने होकार दिल्याशिवाय त्यांनी ते आवाज कधी वाजवले नाहीत.

कोडोलीचे एक गृहस्थ आले होते, पोलिसांसाठी पंचनाम्याचे फोटो काढणारे. अपघात, विहिरीतले देह, बेवारस माणसं. आक्कांनी त्यांना विचारलं की लोक तुम्हाला ओळखतात का. आक्कांचे ओठ नऊपर्यंत गेले असतील. मग ते म्हणाले, "वळखत्यात. पर माझा फोटो बघाय कोण हौसेनं येत न्हाय, आक्का." पुढची दहा मिनिटं ते न अडता बोलले. घरी आल्यावर बायको अंघोळीचं पाणी दारातच ठेवते, ते सांगितलं. एका आईने फोटोतल्या शर्टाच्या बटणावरून मुलगा ओळखला, ते सांगितलं. त्या दिवशी मी एकही जागा कापली नाही.

आणि मग आजऱ्याचे बापू.

बापूंचा आजऱ्यात स्टुडिओ होता आणि त्यांचा एक फोटो जिल्हाभर पोचलेला होता. काजू सोलणारी एक म्हातारी, टरफलांच्या तेलाने काळी पडलेली तिची बोटं आणि पदर तोंडाशी न धरता मोकळं हसणारं तोंड. एका काजू व्यापाऱ्याने तो कॅलेंडरवर छापला होता. शाहूपुरीत आक्कांनी विचारलं तेव्हा बापूंचं नाव कुणाला सांगता आलं नाही, पण ही म्हातारी सगळ्यांना ठाऊक होती. एक हमाल म्हणाला होता, आमच्या घरात देवाच्या फोटोशेजारी आहे ती.

बापू मुलाखतीला आले ते बायकोला घेऊन. शालनवहिनी. कॅमेऱ्याची बॅग त्यांच्याच खांद्याला. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. आक्कांनी अल्बम खणात टाकला, किल्ली कमरेला खोचली आणि विचारलं, म्हातारी कशाला हसत होती.

बापू म्हणाले, तिचा स्वभावच हसरा. आक्का गप्प. बापू म्हणाले, मी काहीतरी गंमत केली असेल. आक्का गप्पच. आक्कांचे ओठ पाच-सहापर्यंत गेले असतील, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"मी जवळ जाऊन बघाय लागले तवा ती म्हणाली, एवढं निरखून मला नवऱ्यानं बी कधी बघितलं न्हाय गं बाई." आणि शालनवहिनी हसल्या. हसू दाबायला त्यांनी पदर तोंडाला लावला, पण तोवर ते टेपवर आलेलं होतं.

बापूंनी मान खाली घातली. आक्कांनी टेप थांबवायची खूण केली नाही, म्हणून मीही थांबवली नाही. थोड्या वेळाने बापू म्हणाले, "त्यो फोटो हिचा हाय. मी त्या दिवशी लग्नाच्या कामावर गेलतो. व्यापाऱ्यानं स्टुडिओचं नाव बघून मला मान दिला. आधी वाटलं, सांगू. मग सत्कार झाला. सत्कार झाल्यावर कसं सांगायचं?"

मग भानावर येऊन त्यांनी हे काढून टाका म्हणून विनवलं. आक्कांनी वहिनींना विचारलं, तुमचं काय म्हणणं आहे. वहिनी बॅगेचा पट्टा सरळ करत म्हणाल्या, ते काय ते ह्यांनी ठरवावं, मी काय बोलायचं ते बोलून झालंय.

दोघं गेल्यावर मी ब्लेड हातात घेऊन बसलो. एवढा तुकडा काढला असता तर दोन मिनिटांचं काम होतं. साहेबांनाही तेच हवं होतं, नवरा-बायकोच्या भानगडी रेडिओवर कशाला, असं त्यांचं मत. आक्कांनी माझ्या हातातलं ब्लेड काढून खणात टाकलं. "ह्यो तुकडा माझा न्हाय, तुझा न्हाय आणि सायबांचा बी न्हाय," म्हणाल्या. "ज्याचा हाय त्यो येईल." मी म्हटलं, नाही आले तर? तर त्या गुरुवारी पैलवानवाल्याची मुलाखत परत लावू, असं त्यांनी सांगितलं. पण मंगळवारपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. दारात कुणी आलं की मान वर करायच्या. त्या दाराकडे बघत बसल्यात, असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मंगळवारी दुपारी बापू एकटेच एसटीने आले. आक्कांनी त्यांना पूर्ण टेप ऐकवली. वहिनींचं हसू आलं तिथे त्यांनी हात वर केला आणि तेवढंच पुन्हा ऐकायला मागितलं. मी टेप मागे घेतली. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी कानावरचे हेडफोन काढले आणि म्हणाले, "घरात ही अशी हसत न्हाय हो."

मग ते म्हणाले, ठेवा सगळं. फक्त सुरुवातीला नाव सांगताना आधी तिचं सांगा.

गुरुवारी ते तसंच गेलं. पुढे आजऱ्यात बापूंना लोकांनी बरंच छळलं म्हणे. चौकात उभे राहिले की कुणीतरी विचारायचं, बापू, आज कॅमेरा कुणाचा? त्यांनी सहा महिने चौकात जाणं सोडलं. पण स्टुडिओ चालू राहिला, आणि दुसऱ्या वर्षीच्या कॅलेंडरवर फोटोखाली बारीक अक्षरात वहिनींचं नाव आलं. शालनच्या ऐवजी शालिनी छापलेलं. तशीच एक प्रत वहिनींनी आक्कांना पाठवली, चूक पेनाने दुरुस्त करून.

आक्का निवृत्त झाल्या आणि निपाणीला भावाकडे राहायला गेल्या. नवं शतक लागलं होतं, केंद्रावर संगणक आले होते, जुन्या टेपा त्यात भरून ठेवायचं काम निघालं. मी मोठ्या उत्साहाने फोटोवाल्यांच्या टेपा शोधायला गेलो. डबे होते, डब्यांवर आक्कांच्या हातची नावंही होती. आत मात्र भातलावणी, हुमणी कीड आणि जनावरांच्या लसी. सगळ्या मुलाखती पुसून त्यांवर दुसरं भरलेलं होतं.

हे त्यांना कसं सांगायचं या विचाराने मी दोन आठवडे काढले. शेवटी निपाणीला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की पुसायच्या कागदावर सही त्यांचीच होती. नव्या टेपा येत नव्हत्या, शेतीचा कार्यक्रम बंद पडायची वेळ आली होती. मला राग आला. मी जरा चढ्या आवाजातच विचारलं की एक तरी वाचवायची होती, निदान आजऱ्याची.

"एक ठेवली असती तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंतं?" त्या म्हणाल्या. "ज्यानं ऐकलं त्याच्याकडं हाय ते. आपल्याकडंच असाय पायजे असं कुठं हाय?"

मग चहा टाकते म्हणून आत गेल्या. चहाला लागतो त्याच्या तिप्पट वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि कपात साखर नव्हती. मी तसाच प्यालो.

त्यानंतर चारेक वर्षांनी त्या गेल्या. निरोप सकाळी मिळाला, मातीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. त्यांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून नेलं, कपाळाला भस्म, पुढे भजन. मी मूठभर माती टाकली आणि चालत एसटी स्टँडवर आलो. तिथल्या बाकावर मातीहून परतणारे आणखी दोघं-तिघं होते. कोपऱ्यात शालनवहिनी आणि बापू. केस पिकलेले, पण मी ओळखलं. त्यांच्या शेजारी कोडोलीचे पंचनाम्यावाले होते. त्यांची एकमेकांशी ओळख असण्याचं कारण नव्हतं.

मी पुढे होणार, तेवढ्यात वहिनींनी आजऱ्याची गाडी किती वाजता म्हणून चौकशी केली. कोडोलीकरांनी झटकन मान वळवली.

"तुम्ही काजूवाल्या म्हातारीच्या बाई का?"

"व्हय. तुम्ही कसं वळखलं?"

"आवाजावरनं. माझी मुलाखत झाल्यापासनं दर गुरुवारी ऐकत होतो की, बाकीचे काय काय सांगत्यात बघाय."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "म्हंजे बटणावरनं पोरगा वळखलेला, ते तुम्ही?"

ते हो म्हणाले. बापू बाकावर सरकले आणि त्यांना मधे जागा करून दिली. वहिनींनी विचारलं, त्या आईचं पुढं काय झालं, ते तुम्ही त्या दिवशी सांगितलंच नाही. ते सांगू लागले. आजऱ्याची गाडी आली, कंडक्टरने दोनदा पुकारा केला आणि गाडी निघून गेली. बाकावरून कुणीच उठलं नाही.