येऊ दे, राहू दे

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. इंजिनाचे एकसष्ट हजार रुपये आदल्या आठवड्यात देऊन झाले होते. मिस्त्रीची मजुरी साडेआठ हजार ठरली होती. उंद्रीच्या आमच्या घराच्या पोर्चमध्ये त्या सकाळी आम्ही चौघं होतो: मी, माझा धाकटा भाऊ, चिखलीहून आलेला गाड्यांचा मिस्त्री आणि आई.

जीप भावाची. जुनी, पण चॅसी ठणठणीत. लग्नाची वऱ्हाडं, बाजाराची माणसं ने-आण करून तो आपलं भागवतो. भरली गाडी घाटात पहिल्या गिअरवर रडायची आणि माणसं उतरून चालायला लागायची. म्हणून त्याच कंपनीचं मोठं इंजिन बसवायचं त्याने मनावर घेतलं. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. आधी आरटीओची परवानगी हातात, मगच बोल्टाला पाना, अशी माझी अट होती. त्याने ती निमूट पाळली, त्यामुळे नाही म्हणायला माझ्याकडे कारण उरलं नाही. भीती तेवढी उरली.

भीती कडीची होती. पोर्चच्या स्लॅबमध्ये झोपाळ्यासाठी लोखंडी कडी बसवलेली आहे. मिस्त्रीने तिलाच इंजिन उचलायची चेनकप्पी अडकवली. स्लॅब टाकला त्या दिवशी सिमेंटच्या गोण्या मीच मोजून दिल्या होत्या. पण कडी बसवली तेव्हा मी मागच्या अंगणात मजुरांच्या पंगतीला पुऱ्या वाढत होतो. कडीचं टोक वरच्या सळईवरून वळवलंय की नुसतंच काँक्रीटमध्ये खुपसलंय, ते मी पाहिलं नव्हतं.

तसं मी मिस्त्रीला सांगितलं. तो दोन्ही हातांनी कडीला लोंबकळला आणि त्याने पाय आखडून घेतले.

"पाह्य ना भाऊ, पंचाहत्तर किलोचा मी लटकून राह्यलो. काई होते का?"

"इंजिन दोनशे अडतीस किलोचं आहे," मी म्हणालो. काट्यावर मी स्वतः वजन करून घेतलं होतं.

"मंग तुमच्या झोपाळ्यावर तिघं जणं बसले का नाई कधी?"

"बसले."

"झालं तर!"

"दादा, तुह्या डोक्यात कॅल्क्युलेटर बसवलं बे कोणं?" भाऊ हसत म्हणाला. जुनं इंजिन कडीने काही न कुरकुरता बाहेर काढलं होतं, त्यामुळे त्या दोघांची भीड चेपली होती. नवं त्याहून जवळपास पन्नास किलोने जड आहे, हे मी पुन्हा बोललो नाही.

नवं इंजिन उचलण्याआधी मिस्त्रीने नारळ मागितला. आमच्या घरी नारळ फोडत नाहीत. आईने पंचशील म्हटलं आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. मिस्त्रीने साखर तोंडात टाकली आणि कामाला लागला.

इंजिन उचलून बॉनेटच्या जागेवर आणलं, तेव्हा त्याने मला साखळीशी उभं केलं आणि नियम सांगितला.

"आता दोनच शब्द. 'येऊ दे' म्हटलं का खाली सोडा. 'राहू दे' म्हटलं का थांबा. तिसरा शब्द कोणी बोलाचा नाई. मधात बोललं का गोंधळ होते."

साखळी एक हात ओढली की इंजिन जेमतेम अर्धा सेंटीमीटर खाली येई. मिस्त्री समोरून बॉनेटात वाकून इंजिन गिअरबॉक्सला जुळवत होता. भाऊ गाडीखाली पोत्यावर उताणा पडून, इंजिन ज्यावर बसतं त्या रबरी फाउंडेशनची भोकं जुळतात का ते पाहत होता. बोट घालून पाहत होता, हे मला दिसत नव्हतं. मला फक्त त्याच्या चपला दिसत होत्या.

"येऊ दे." मी ओढलं. "राहू दे." मी थांबलो. "येऊ दे." "राहू दे." बराच वेळ हे चाललं. दंडाला घाम आला होता. नजर कडीवर होती. तिथून मी ती हलवूच शकत नव्हतो.

आणि कडीभोवतीचं प्लॅस्टर सुटलं. आधी पिठासारखी पांढरी भुकटी, मग नखाएवढा एक तुकडा. सगळं खाली इंजिनावरून ओघळून भाऊ पडला होता तिथे गेलं. मी तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही. तिसरा शब्द बोलायचा नव्हता ना.

त्याच वेळी आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली. तिने भुकटी पाहिली, खालच्या चपला पाहिल्या आणि ती ओरडली, "येऊ दे त्याले बाहेर!"

माझ्या हातांपर्यंत पहिले दोनच शब्द पोचले. मी साखळी ओढली. एक हात, दुसरा हात.

"राहू दे! राहू दे!" मिस्त्री बोंबलला.

खालून लोखंडावर लोखंड दाबलं गेल्याचा कट्ट असा आवाज आला.

मी साखळी दोन्ही मुठींत घट्ट धरून उभा होतो. हाक मारावी तर त्या हाकेनेही काहीतरी होईल असं वाटत होतं. वरून अजून भुकटी पडत होती. त्या चपला हलत नव्हत्या. भावाला स्टिअरिंग धरायला बोटं लागतात, दुसरं काही त्याला येत नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मग गाडीखालून शिंक आली. पाठोपाठ दुसरी.

"कोण चुना लावून राह्यलं बे मले?" भाऊ म्हणाला. "डोये भरले न पुरे."

मिस्त्री वाकला. "हात कुठी आहे तुहा?"

"डोयावर. काऊन?"

"अन् भोकात काय आहे?"

"बोटासंग पाना घातला होता. डोये पुसाले हात काढला, तं पाना तिथंच राह्यला."

मिस्त्रीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. आई अजून ट्रे घेऊन दारातच होती.

"काऊन थांबले तुमी?" तिने विचारलं.

"चहा आला म्हणून, माय," मिस्त्री म्हणाला.

त्याने स्वतः साखळी घेऊन इंजिन चार बोटं उचललं, खाली टायरांची थप्पी रचली, तिच्यावर लाकडी ओंडका ठेवला आणि मगच भावाला बाहेर ओढलं. त्याच्या केसांत, भुवयांत चुना होता. आईने पदराने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पाह्य, मीच म्हटलं ना येऊ दे त्याले बाहेर! नाईतं डोये गेले असते पोराचे." भावाने माझ्याकडे पाहिलं. आईच्या त्याच शब्दांवर मी साखळी ओढली होती, हे तेव्हा त्याला कळलं. त्याने चहाची कपबशी उचलली आणि आईला म्हणाला, "हाव माय, तू होती म्हणून." ती खूश झाली. आजतागायत आम्हां तिघांपैकी कोणी तिला दुसरं काही सांगितलेलं नाही.

चहानंतर मी स्टुलावर चढून कडीभोवतीचं उरलेलं प्लॅस्टर आणि वरचं थोडं काँक्रीट छिन्नीने पाडलं. कडीचं टोक सळईवरून नीट वळवलेलं होतं. सुटलं ते फक्त प्लॅस्टर. पुढचं काम मिस्त्रीने गाडीखाली कोणालाही न पाठवता, वरूनच पहारीने सरकवत केलं, आणि शब्द बदलले: 'खाली' आणि 'बस'. दोन दिवसांनी इंजिन सुरू झालं. पुढे तपासणी झाली, आरसी बुकावर इंजिनाचा नवा नंबर चढला. भाऊ घाटातून भरली गाडी घेऊन वर जातो आणि वरून मला फोन करतो. आई मात्र आजही पाहुण्यांना फोनवर म्हणते, "येऊ दे पोरायले सुट्टीत," आणि मी बसल्या जागी मुठी आवळतो.

मिस्त्रीचा हिशेब करताना मी साडेआठ हजार त्याच्या हातावर ठेवले आणि वर तीनशे वीस रुपये दिले. तो पाना त्याचा होता. दांडी वाकली होती, तोंड चेपलं होतं.

"हे वरचे पैसे काऊन?" आईने विचारलं.

"पाना वाकला, माय," मिस्त्री म्हणाला. त्याने तीनशे वीस रुपये वेगळे मोजले, वरच्या खिशात टाकले, आणि वाकलेला पाना माझ्याकडेच ठेवून गेला.