काकाजींसाठी बांधलेली शांत खोली

भंडाऱ्यात पितळी गुंड बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीची बाई म्हणून लागले, तेव्हा माझ्या अंगात नव्या डिप्लोमाचं वारं शिरलेलं होतं. कारखाना म्हणजे एक भट्टी, एक शेड आणि दिवसभर ठोकाठोकी. लोक घरातली फुटकी भांडी मोडीत घालायचे, ती वितळवून आम्ही नवे गुंड करायचो. पाणी भरायचं भांडं ते, केसाएवढी चीर असली तरी परत येणार. ती चीर शोधायचं काम एकाच म्हाताऱ्या कारागिराकडे होतं. सगळे त्यांना काकाजी म्हणत. डाव्या तळव्यावर गुंड घ्यायचा, उजव्या हाताने टिचकी मारायची, बद्द वाजला की भट्टीकडे. शेठजी पाहुण्यांना ऐटीत सांगत, "आमची मशीन म्हंजे काकाजीचे कान."

मी शेठजींच्या मागे लागून खरीखुरी मशीन आणवली. गुंडावर टिचकी मारली की माइक आवाज ऐकतो आणि पडद्यावर हिरवी नाहीतर लाल पट्टी येते. तिला शांतता लागते, म्हणून शेडच्या कोपऱ्यात दुहेरी दारांची खोली बांधून घेतली आणि काकाजींनाही तिथेच बसवलं. म्हटलं, बिचाऱ्यांच्या कानांना आराम. गुंड चुंबळीवर ठेवायचा, हात लावायचा नाही, आवाज दबतो, असा नियम मी स्वतः टाइप करून भिंतीला चिकटवला.

त्या दिवसापासून काकाजी आणि मशीन यांचं जमेना. चांगले गुंड ते बाजूला काढत, चिरलेले पास करत. मी आधी मशीनलाच दोष दिला. पण गुंडांत पाणी भरून पाहिलं, तर दर वेळी मशीन बरोबर. त्यात काकाजी माझ्याशी बोलेनासे झाले. पाठीमागून "चहा घेता का?" विचारलं तरी गप्प. मशीन आणली म्हणून रुसले, असं समजून मी गरम आलुबोंडे नेले. आलुबोंडे संपले, रुसवा तसाच.

एका संध्याकाळी ते दुपट्टा खांद्यावर टाकून माझ्यासमोर उभे राहिले. "बाई, उद्यापासून मी येत नाही. शेठजीले तुमीच सांगा."

"काहून? माझ्यावर राग हाय का?"

त्यांची नजर माझ्या ओठांवर होती. "तुमच्यावर कायचा राग? तीन सालापासून मले आयकूच येत नाही."

ठार बहिऱ्या माणसासाठी मी दुहेरी दारांची शांत खोली बांधली होती. शेडच्या गोंगाटात सगळेच हातवारे करून बोलतात, कोणाला कळणार?

"मंग इतले दिवस गुंड कसे तपासले?"

त्यांनी चुंबळीवरचा गुंड डाव्या तळव्यावर घेतला आणि टिचकी मारली. "आवाज हातात येते. चीर असली का तिथंच मरते."

आणि मी शहाणीने तोच हात बंद केला होता. नियमाचा कागद फाडला आणि दिवसभराचा माल पुन्हा तपासायला घेतला. या वेळी दोघांचं जुळलं. वर मशीन नुसतं लाल दाखवून गप्प बसायची, तर काकाजी तळवा फिरवत एका जागी थांबून म्हणायचे, "इथं." जागा कळली म्हटल्यावर तेवढीच चीर सांधायची, अख्खा गुंड भट्टीत कशाला? ते सगळे गुंड वितळवायचा कोळसा वाचला. मला इतका आनंद झाला की मी त्यांना हाताला धरून शेठजींकडे नेलं. त्यांच्या दुसऱ्या हातात तपासलेला एक गुंड तसाच होता.

शेठजींनी सगळं ऐकून घेतलं. काकाजींकडे तोंड करून सावकाश विचारलं, "माह्यापासून काहून लपवलं?"

"कान गेले म्हटलं असतं, तर हात कोनं पायला असता?"

शेठजी गादीवरून उठले आणि स्वतःचा तळवा पुढे केला. "ठेवा इथं गुंड. मले बी समजू द्या."

काकाजींनी टिचकी मारली. शेठजींना काही म्हणजे काही कळलं नव्हतं, चेहऱ्यावरच दिसत होतं. "अजून एकदा," ते म्हणाले.

काकाजी हसायला लागले. "उद्या या, शेठजी. एका दिवसात येत नाही हे."