अस्सल मधाची परीक्षा

चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि बोटात धरायचा, हलकेच ओढून त्याचे दोन भाग करायचे, ते एकावर एक ठेवून पुन्हा ओढायचे आणि मग डोळे बारीक करून अहिराणीत म्हणायचं, "भेसळ शे, भो." नानांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. फक्त त्या दिवशी त्यांच्या चिमटीत कापूस नव्हता, माझ्या सदऱ्याची बाही होती. मी धुळ्याहून चोपड्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हिशेबाच्या कामावर नवा आलो होतो. दुकानदाराने तो सदरा मला शुद्ध सुती म्हणून विकला होता. नानांनी पहिल्याच भेटीत माझी अब्रू काढली आणि वर चहाही पाजला.

नाना आमच्या जिनिंगचे ग्रेडर. शेतकऱ्याच्या बैलगाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालून तळातली चिमूट काढायची, धागा किती लांब, ओल किती, किडकी कवडी किती हे बोटांनी ताडायचं आणि ग्रेड सांगायचा, हे त्यांचं काम. "डोळाले दिसस ते खोटं. बोटले लागस ते खरं," हे वाक्य दिवसातून कितीदा ऐकावं लागे, ते विचारू नका. गाडीवाले कुरकुरत, पण नानांनी सांगितलेला ग्रेड कधी कुणी बदलून घेतल्याचं मला आठवत नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याचा धंदा त्याच्या अंगात भिनून घरापर्यंत गेलेला असतो. नानांच्या घरात तपासल्याशिवाय काही शिजत नसे. चहाची पूड ओल्या कागदावर पसरून बघायची, हिंग जाळून बघायचा, तूप तळहातावर घासून हुंगायचं. नानांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणायची. त्या एकदा मला म्हणाल्या, "भाऊ, या घरमा बठ्ठानी परीक्षा व्हयनी. मनी तेवढी राही गई." नाना गालातल्या गालात हसले आणि तपकिरीची चिमूट चोळत बसले.

नानांच्या उजव्या अंगठ्यावर एक पांढरा, ओबडधोबड वण होता. पोरवयात ते जिनिंगमध्येच हमाली करत असताना तो अंगठा रोलरमध्ये सापडला होता. दवाखान्यात अंगठा काढायला सांगितलं. त्यांच्या आईने ऐकलं नाही. सातपुड्यातून आलेला मध तिने जखमेत भरला, वरून धडपा बांधला आणि रोज तेच केलं. अंगठा राहिला. ज्या अंगठ्यावर पुढे त्यांची सगळी भाकरी चालली, तो मधाने राखला होता. "मनी मायनी मध लावा नसता ते हाऊ आंगठा आज नही ऱ्हाता," असं ते म्हणायचे तेव्हा त्यात काही ताडायचं उरत नसे.

म्हणून जिनिंगच्या फाटकाशी गाड्यांची रांग लागली की नाना मधाची बाटली आणि मेण घालून कढवलेल्या तेलाचं डबडं घेऊन फिरायचे. जू घासून बैलांचे खांदे सोललेले असत. नाना त्यावर मध लावायचे, माश्या बसू नयेत म्हणून कडेने ते तेल फिरवायचे आणि बैलाच्या कानात काहीतरी पुटपुटायचे. आता ग्रेडर आपल्या बैलाची सेवा करतोय म्हटल्यावर गाडीवाल्याला आशा वाटणारच. पण नाना हात पुसून गाडीत हात घालायचे आणि म्हणायचे, "बैल चांगला शे. कापूस भेसळ शे."

मधाचीही परीक्षा अर्थातच होती, आणि ती बोंड्या करायचा. बोंड्या म्हणजे नानांचा कुत्रा. हंगामाच्या दिवसांत कापसाच्या गंजीत एक पांढरं पिल्लू सापडलं होतं. कापूस कुठे संपतो आणि पिल्लू कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं, म्हणून नाव बोंड्या. नानांना मूलबाळ नव्हतं. बोंड्या रोज सकाळी त्यांच्याबरोबर कामावर यायचा, वजनकाट्याच्या सावलीत झोपायचा आणि संध्याकाळी अंगाला रुई चिकटवून घरी जायचा.

अस्सल मधाला कुत्रा तोंड लावत नाही, हे आपल्याकडे लहानपणापासून ऐकत आलोय आपण सगळेच. नानांचा त्यावर अंगठ्याइतका विश्वास. नवी बाटली आली की थेंबभर मध बोंड्यापुढे ठेवायचे. बोंड्या शिळ्यापाक्यावर वाढलेला नव्हता. अक्कांच्या हातची दूधभाकरी खाऊन तो तुडुंब असायचा, त्यामुळे कधी हुंगून निघून जायचा, कधी चाटायचा. गेला की मध अस्सल, चाटला की भेसळ. आम्ही ऑफिसातले लोक त्याला साहेब म्हणायचो, कारण नानांनी दिलेल्या ग्रेडवर शेरा मारण्याचा अधिकार फक्त त्यालाच होता.

मग बोंड्या म्हातारा झाला. त्याच्या मागच्या मांडीवर एक जखम दिसू लागली. कुठल्यातरी कुत्र्याने धरला असेल असं वाटलं. ती भरेना. उलट पसरू लागली. नाना आणि अक्का त्याला हातगाडीवर घालून जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले, मीही गेलो. डॉक्टर तरुण होते, भले होते. बराच वेळ चाचपून म्हणाले, "नाना, ही साधी जखम नाही. आत गाठ आहे, ती फुटलीय. पोटापर्यंत गेलीय. कापून उपयोग नाही. आता त्याला त्रास कमी होईल एवढंच बघायचं."

नाना बोंड्याची मान खाजवत होते. मग त्यांनी विचारलं, "मध लावा ते चाली का?"

डॉक्टरांना दया आली असावी. म्हणाले, "लावा की. चांगलाच असतो. फक्त त्याला चाटू देऊ नका. मानेभोवती पुठ्ठा बांधा."

घरी येईपर्यंत नानांच्या बोलण्यात गाठ कुठेच नव्हती. गल्लीत भेटेल त्याला ते सांगत होते, "डाक्टरनी बी सांगं, मध लावा." अक्का माझ्याकडे न बघता हातगाडी ढकलत होत्या.

नानांनी जखम कडुलिंबाच्या पाण्याने धुतली, घरातला मध लावला. बोंड्याने मान वळवली आणि सगळा मध चाटून टाकला. आता जखम म्हटली की कुत्रा चाटणारच, त्यात वर मध. पण नाना उकिडवे बसून बघत राहिले. त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं त्यांना डॉक्टरांचं बोलणं आत्ता ऐकू आलं. तसं काही नव्हतं. ते म्हणाले, "भेसळ शे."

तेव्हापासून नानांनी मधाचा शोध सुरू केला. चोपड्यातली दुकानं झाली. जळगावहून मागवला. सावद्याच्या मेहुण्याने केळीच्या ट्रकबरोबर एक बरणी पाठवली. पहूरच्या एका ओळखीच्या माणसाने घरच्या खोकल्यासाठी ठेवलेली बाटली दिली. नाना आधी मधाचा थेंब पाण्यात सोडून बघत, मग वात बुडवून पेटवून बघत. दोन्हींत मध पास व्हायचा. मग तो जखमेवर जायचा, आणि बोंड्या चाटायचा. बोंड्याचा शेरा शेवटचा. पाण्यात पास झालेला, आगीत पास झालेला मध नाना फळीवर मागे सरकवून ठेवायचे आणि पुन्हा शोधायला निघायचे.

मी सांगून पाहिलं. "नाना, तो गोड लागतं म्हणून चाटतो. अस्सल असला तरी चाटेल. डॉक्टर म्हणाले तसा पुठ्ठा बांधा ना."

"तोंड बांधीसन परीक्षा कशी व्हई?" नाना म्हणाले.

"अहो, परीक्षा कशाला? औषध आहे ना ते?"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी ते ओला कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याकडे बघत. "भेसळ लाईसन जखम भरी का? तुम्ही हिशेब करा, भाऊ."

मी चिडून अक्कांकडे गेलो. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. म्हणालो, नानांना तुम्ही तरी समजवा. त्यांनी फुंकणी खाली ठेवली. "मी बी तठेच उभी व्हतू, भाऊ. डाक्टर काय बोलना, ते बठ्ठं ऐकं. पन चांगला मध भेटना नही म्हनीसन जखम भरत नही, असं त्यांले वाटस. वाटू द्या."

त्यानंतर मी समजावणं सोडलं. त्या माणसाच्या हातातून कुत्रा जात होता आणि तो बाटल्यांची बुचं उघडत होता. रोज संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचो, एवढंच माझ्याच्याने होत होतं.

शेवटी बाजारच्या दिवशी नानांनी सातपुड्यातून मध घेऊन येणाऱ्या एका पावरा आदिवासीला गाठलं. त्याच्या डब्यात मेणाचे तुकडे तरंगत होते. नानांनी चिमटीत मध धरला, ताणला आणि म्हणाले, "भेसळ." पावरा चिडला नाही. म्हणाला, "मग तूच ये. डोळ्यांनी बघ."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. त्या काळी रविवारी सकाळी सगळं गाव टीव्हीपुढे बसायचं. रस्ते ओस होते आणि रिकाम्या एस.टी.त नाना आणि मी. डोंगराच्या पायथ्याशी उतरून पुढे पायी. नानांना धाप लागत होती, थांबू म्हटलं की ते पुढे चालायचे. पावऱ्याने झाडाखाली ओल्या पाल्याचा धूर केला, वर चढला आणि पोळ्याचा मधाचा भाग कापून पळसाच्या पानांत खाली आणला. नानांनी तो कुणाला हात लावू दिला नाही. आपल्या धुतलेल्या उपरण्यात घालून स्वतः पिळला, स्वतः आणलेल्या बाटलीत भरला. एक मधमाशी त्यांच्या मनगटाला डसली तरी त्यांनी हात हलवला नाही. परतताना बाटली मांडीवर धरून ते कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा हसले.

मला मात्र भीती वाटत होती. हा मध बोंड्याने चाटला तर? यानंतर नाना कुठे जाणार होते? याच्या पुढे मध नव्हताच.

घरी आलो तेव्हा ऊन कलत होतं. बोंड्या अंगणात गोणपाटावर पडला होता. नाना हात धुऊन बसले, जखम पुसली, मध लावला. बोंड्याने डोळे उघडले. हुंगल्यासारखं केलं. आणि मान तशीच जमिनीवर टेकवून डोळे मिटले.

"तोंड लावं नही!" नाना ओरडले. "पाहा, भाऊ! अक्का, बाहेर ये! तोंड लावं नही त्यानी! अस्सल शे!"

शेजारचे लोक बाहेर आले. नाना प्रत्येकाला बाटली उन्हात धरून दाखवत होते. मनगट सुजून टम्म झालं होतं, त्याची त्यांना शुद्धही नव्हती. "आते जखम भराई जाई," ते म्हणत होते. मी बोंड्याच्या थाळीकडे पाहिलं. सकाळची दूधभाकरी तशीच होती. तिच्यावर मुंग्यांची रांग लागली होती. बाजूला पाण्याचं घमेलं काठोकाठ भरलेलं. अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी माझी नजर कुठे गेली ते पाहिलं, खाली उतरल्या आणि ती थाळी उचलून गुपचूप आत नेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, जिनिंगचा भोंगा वाजायच्या सुमारास, बोंड्या गेला. आम्ही त्याला कापसाच्या गंजी लागायच्या तिथल्या बांधाशी पुरला. नाना माती लोटून झाल्यावर बराच वेळ बोटं चोळत उभे होते. मग म्हणाले, "अस्सल मध भेटना, भो. पन उशीर व्हई गया."

पुढे मी नोकरी सोडून धुळ्याला परत आलो. निघताना नानांनी ती बाटली माझ्या पिशवीत घातली. "पोरेसले खोकला व्हयना ते द्या. अस्सल शे. बोंड्यानी तोंड लावेल नही." मी घेतली.

तो मध आम्ही कधी वापरला नाही. नाना गेल्याचं कळलं तेव्हाही बाटली फळीवर होती. मग एका दिवाळीच्या आधी घराला चुना द्यायचा म्हणून सामान अंगणात काढलं होतं, त्यात ती कलंडली आणि बूच निघालं. मी बाहेर येईपर्यंत गल्लीतला एक कुत्रा येऊन पोहोचला होता. तो फरशी चाटत होता. नीट, कोपरे धरून, शेपटी हलवत. बायको आतून ओरडली, हाकला त्याला. मला हात उचलवेना. नाना आता नाहीत याचं मला त्या क्षणी बरं वाटलं, आणि तसं वाटल्याचं फार वाईट वाटलं.

फरशी स्वच्छ झाल्यावर कुत्र्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बाटलीच्या तळाशी थोडा मध उरला होता. तोही मी त्याच्यापुढे ओतला.