भगवानकाका विहिरीत उतरले की येणारी रिक्वेस्ट

आमचं घर नांदेडचं. दरवर्षी घरचे सगळे माहूरला रेणुकादेवीच्या दर्शनाला जातात आणि मी खाली गाडीत बसून चहा पिते. या गोष्टींवर माझा विश्वास एवढाच. विष्णुपुरीला इंजिनीअरिंग केलं, नंतर पाच वर्षं बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरच्या आतलं काम. जे घडतं त्याला कारण असतं, ते सापडेपर्यंत शोधायचं, असं माझं सरळ गणित होतं. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्ही मला वेड्यात काढणार. मीसुद्धा काढलं असतं…

दीड वर्षापूर्वी मी लातूरला एका मोटारपंपाच्या दुकानदाराकडे काम करत होते. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. मूळचे उदगीरचे, कपाळाला भस्म, बोलणं गोड. ते शेतकऱ्यांना मोबाईल स्टार्टर विकायचे. विहिरीवर सिमकार्ड घातलेला एक डबा बसवायचा, मग शेतकऱ्याने घरून फोनवर बटण दाबलं की मोटार चालू. मधलं काम माझं. फोनवरून रिक्वेस्ट आमच्या सर्व्हरवर यायची, माणूस ओळखीचा असला की सर्व्हर त्या डब्याला ‘चालू कर’ म्हणून सांगायचा. बस.

एक दिवस सकाळी साधारण साठीचे एक गृहस्थ दुकानाचा जिना चढून आले. हात गळ्यात बांधलेला. औशाच्या पुढे, किल्लारीच्या रस्त्यावरून आत गेलं की त्यांचं गाव. नाव भगवानकाका. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

“म्या मोटारीची जाळी साफ कराया विहिरीत उतरलो की मोटार चालू हुती. दोनदा झालं. दुसऱ्यांदा कंबरंएवढ्या पाण्यात हुतो, करंट उतरला. खांदा निखळला माजा. तुमच्यातलं कोण हितं बसून बटन दाबून राहिलंय?”

“काका, इथून कुणी दाबत नाही,” मी म्हणाले.

“दाखीव मग.”

…आणि मला दाखवता येईना! कोणती रिक्वेस्ट कधी आली, कुणाकडून आली, याची नोंदच आम्ही ठेवत नव्हतो. छोटी कंपनी, आज करू उद्या करू करत राहून गेलेलं.

काका माझ्याकडे बघून आप्पांना म्हणाले, “ही पोरगी खोटं बोलायलीय.”

मला ते फार लागलं. दोन दिवस बसून मी रिक्वेस्ट लॉगिंग लिहून काढलं. प्रत्येक रिक्वेस्टची एक ओळ — वेळ, कुठून आली, काय मागितलं, कोणत्या युजरच्या नावावर, आणि सर्व्हरने काय उत्तर दिलं. २०० म्हणजे काम झालं, ४०३ म्हणजे नाकारलं. पासवर्ड वगैरे कुठेही उतरणार नाही याची काळजी घेतली. काम चोख होतं, हे आजही छातीठोकपणे सांगते.

तीन दिवस सगळं ठीक होतं. चौथ्या दिवशी अकरा बेचाळीसला काकांच्या मोटारीसाठी ‘चालू करा’ अशी रिक्वेस्ट आली. काकांच्या फोनवरून नाही… विहिरीवरच्या त्या डब्याकडूनच. युजरचा रकाना कोरा.

मी लगेच गावी फोन लावला. काकांच्या सूनबाई, रेखा, फोनवर आल्या. “हाव ताई, मामंजी आत्ताच उतरले हुते, दोर आणाया. आता म्या आधी फ्यूज काढून घेते, म्हनून वाचलो.”

आता यातली गंमत समजून घ्या. तो डबा फक्त ऐकतो. ‘मी चालू आहे, मी बंद आहे’ यापलीकडे त्याला काही बोलताच येत नाही. डबा बनवणाऱ्याला फोन केला तर तो हसायलाच लागला — “मॅडम, तो कोडच त्यात नाही.” मी म्हटलं, कुणीतरी हॅक केलंय. त्या डब्याच्या नावाने आलेली ‘चालू करा’ रिक्वेस्ट सर्व्हरने कायम नाकारायची, असा नियम टाकला आणि दुसऱ्या दिवशी आप्पांबरोबर थेट विहिरीवर गेले.

दुपारचे बारा वाजले असतील. लख्ख ऊन, चिटपाखरू नाही. आप्पांनी तिन्ही फ्यूज काढून स्वतःच्या खिशात घातले. मी सगळ्यांसमोर डब्यातलं सिम काढून पर्समध्ये ठेवलं. मग विहिरीच्या काठावर लिंबाखाली बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन लॉग, म्हणजे त्या नोंदींची यादी, उघडला. नवी ओळ आली की लगेच दिसायची.

आधी रेखा वीसेक पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाऊन आल्या. काही नाही. मग आप्पा. काही नाही. आप्पा हसून मला म्हणाले, “अक्का, सिमच काढलंय, आता काय येतंय?”

मग काका उतरायला लागले.

पहिली पायरी — एक ओळ. चालू करा. ४०३.

दुसरी पायरी — चालू करा. ४०३.

मला वाटलं जुनं काहीतरी अडकलेलं आत्ता येतंय. मी ओरडले, “काका, थांबा!” ते थांबले. ओळी थांबल्या. “एक पायरी वर या.” आले. काही नाही. “आता खाली.” पाय खाली टेकला आणि ओळ उमटली. मी पर्स चाचपली… सिम आतच होतं!

“काका, वर या. आत्ता वर या.”

“का म्हनून?” काकांचा आवाज विहिरीत घुमला. “माजी हीर हाय. माज्या बापानं खांदली. कोन हाय त्ये बघतोच म्या!” आणि ते भराभर उतरायला लागले. स्क्रीनवर एकामागून एक ४०३, ४०३, ४०३… पायऱ्यांपेक्षा जास्त ओळी. घाई झाल्यासारख्या.

काका शेवटच्या पायरीवर पोचले, पाणी वीतभर खाली. तेव्हा आली ती ओळ. चालू करा. २००.

आणि मोटार लागली!

मी एकटीने ऐकलं नाही, चौघांनी ऐकलं. फ्यूज आप्पांच्या खिशात, आणि पाण्याखालून ती घरघर. शेताच्या कडेला पाइपाच्या तोंडातून पाणी भळाभळा पडलं. रेखा किंचाळल्या, “मामंजी, पाण्यात पाय घालू नका!” काका मागच्या मागे पायरीवर आपटले. मग कसे वर आले ते त्यांनाच माहीत, गुडघे सोलवटले होते. ते काठावर आल्यावर मोटार आपोआप बंद झाली. मिनिटभर चालली असेल.

रेखा माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होत्या. त्या बीएस्सी झालेल्या. त्यांनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“ताई… हितं नाव हाय. ह्ये तुमचंच नाव हाय ना?”

मी पाहिलं. बाकी सगळ्या ओळींत युजरचा रकाना कोरा. ही ओळही डब्याकडूनच आलेली, पण त्या एकाच ओळीत, माझ्याच कोडने, माझं नाव लिहिलं होतं — स्वाती.

माझे दोन्ही हात लॅपटॉपच्या कडांना घट्ट धरलेले होते. लॉग फक्त वाचायला उघडा होता. मी ते सांगत राहिले, पुन्हा पुन्हा सांगत राहिले. काका धापा टाकत माझ्याकडे बघत होते. ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, “म्हनलं नव्हतं म्या? हीच पोरगी हाय.”

आणि मी आप्पांकडे बघितलं, तर आप्पा माझ्यापासून दोन पावलं मागे सरकले होते.

दुसऱ्या दिवशी आप्पांनी सर्व्हरचे पासवर्ड बदलून घेतलेले होते. “अक्का, गैरसमज करून घेऊ नका,” म्हणाले, पण माझ्या हातचा चहा घेईनात. महिन्याभरात मी नोकरी सोडून नांदेडला आले. काकांनी ती मोटार काढली, विहीर बुजवून टाकली. लातूरच्या पोरीनं मला मारायला बघितलं, असं ते गावभर सांगतात.

ते लॉग मी दोन अनुभवी लोकांना दाखवले. एकाने सगळं तपासून, नियम बरोबर आहे, ही ओळ यायलाच नको, म्हणून सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, “खरं सांग, तू चुकून काही दाबलं नाहीस ना?” समजा दाबलं. तरी बिनफ्यूजची मोटार चालली कशी? आणि फक्त काकांच्याच पायाला ओळ का? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर खरंच सांगा.

गेल्या महिन्यात रेखाचा फोन आला. शेत आता त्याच बघतात. जरा वेळ इकडचं तिकडचं बोलल्या, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “ताई, म्या कुनाला सांगनार न्हाई. त्ये तुमीच केलं हुतं ना? मानसाचं काम असंल तर लई बरं हुईल. मला रोज त्या बुजवल्या जाग्यावरनं जावं लागतंय.”

मी नाही म्हणाले.

त्यांनी फोन ठेवला. ‘हो’ म्हणायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही.