बुरशीचा विमा

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या घरमालकांइतका मन लावून भिणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. गिरगावात, खोताच्या वाडीच्या बाजूला, त्यांचं जुनं लाकडी दुमजली घर होतं. वर काका आणि काकू, खाली आम्ही भाडेकरू, म्हणजे मी आणि माझी आई. विजेचा दिवा लावायचा तर ते आधी पायाखाली लाकडी पाट घेत. गल्लीत पोस्टाचा तारवाला दिसला की तार कुणाचीही असो, हे पायरीवर मटकन बसत. पण ही सगळी किरकोळ भीती. त्यांची खरी भीती होती बुरशीची. पावसाळा लागला की रोज सकाळी भिंतीला नाक लावून ते घरभर फिरत. पाव आणला की खिडकीशी नेऊन उलटापालटा करून पाहत. एकदा आईने लोणचं दिलं आणि त्यावर पांढरा पापुद्रा निघाला, तर बरणी घराबाहेर जाईपर्यंत गृहस्थ गॅलरीत उभे. आम्ही हसत असू. मात्र काकूंना दमा होता आणि ओल या बाईच्या छातीला सोसायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, हे कळल्यावर आईने मला हसायला बंदी केली.

त्यांनी घराचा आगीचा विमा उतरवला होता. त्यात बुरशी येते का, हे विचारायला ते एकदा मला घेऊन फोर्टातल्या विमा कंपनीच्या कचेरीत गेले. मी हवा होतो तो जिन्यासाठी, कारण लिफ्टची भीती आणि एकट्याने जिना चढायचीही. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे समजावलं. भिंतीत हळूहळू ओल मुरून बुरशी आली, तर ती घराची निगा न राखल्याने आली असं धरतात, तिची भरपाई नाही. पण आग लागली, ती विझवताना पाणी पडलं आणि त्या पाण्याने बुरशी धरली, तर गोष्ट वेगळी. परतताना काका ठाकुरद्वारापाशी थांबून म्हणाले, "म्हणजे बुरशीचे पैसे हवेत तर आधी घर पेटायला हवं." त्या दिवसापासून ते आगीलाही भिऊ लागले. काकूंना स्टोव्ह पेटवायचा झाला की हे शेजारी पाण्याची बादली घेऊन उभे.

आणि मग संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले ते दिवस आले. गोळीबाराच्या बातम्या येत, अश्रुधुराने गल्लीत डोळे चुरचुरत, कोणाचा मुलगा घरी परतला नाही म्हणून दारोदार चौकशी चाले. भीती सगळ्यांनाच होती. काकांना आता सोबत मिळाली इतकंच. त्यात एका दुपारी मागच्या बेकरीच्या धुराड्यातून ठिणगी उडाली आणि लगतच्या लाकडाच्या वखारीने पेट घेतला. ज्वाळा आमच्या कौलांपर्यंत आल्या. बंब आले आणि घर वाचावं म्हणून त्यांनी छपरावर संध्याकाळपर्यंत पाण्याचा मारा केला. घर वाचलं. पण वरच्या खोल्यांतून पाणी ओघळत होतं, फळ्या फुगल्या, गाद्यांचे गोळे झाले. कौलं शाकारायला माणूस शोधावा, तर दुसऱ्याच दिवशी संचारबंदी पुकारली. खिडक्या बंद ठेवा, रस्त्यावर येऊ नका, असा हुकूम होता.

बंद घरात ती ओल कोंडली. आधी भिंतीवर कापसासारखं पांढरं दिसलं, मग हिरवं, मग पलंगामागे काळं. आम्ही काकूंना खाली आमच्याकडे आणलं, पण वास खालीही येत होता. त्यांना श्वास पुरेना. उशा लावून बसवलं तरी त्या धापा टाकत होत्या, आणि डॉक्टर आणायचा तर रस्ता बंद. काका त्यांच्याकडे पाहत दारात उभे होते. मग ते वर गेले आणि एकेक खिडकी उघडल्याचा आवाज येऊ लागला. थोड्या वेळाने पाठीवर गादी घेऊन ते जिना उतरले आणि सरळ दार उघडून भर संचारबंदीत गल्लीत गेले.

नाक्यावरचा पोलीस बंदूक सावरत पुढे आला. "ओ, आत व्हा. हुकूम ऐकला नाही का?"

काकांनी गादी उन्हात नीट पसरली आणि म्हणाले, "गोळी घालायची तर घाला. पण गादी वाळेपर्यंत थांबा. बायकोला दम लागलाय."

पोलीस म्हणाला, "लवकर आटपा," आणि तोंड फिरवून उभा राहिला. ते पाहून मीही बाहेर पडलो. आम्ही दोघांनी चटया, पलंगाच्या फळ्या, ट्रंका, सगळं बाहेर काढलं.

संचारबंदी उठल्यावर कंपनीचा तपासनीस आला. भिंती टोकरत त्याने विचारलं, आग विझल्यावर नुकसान वाढू नये म्हणून तुम्ही काय केलंत? घर बंद ठेवून बुरशी वाढू दिली असेल तर कंपनी देणार नाही. काका पेचात पडले. हुकूम मोडल्याचं कबूल करावं तर तुरुंग, न करावं तर भरपाई गेली. शेवटी काकूच दारातून म्हणाल्या, "गोळी घाला म्हणाले पोलिसाला, आणि गाद्या बाहेर टाकल्या ह्यांनी." काकांनी डोळे मिटून घेतले. तपासनिसाने एवढंच म्हटलं की तो विम्याचा माणूस आहे, पोलिसांचा नव्हे. वरच्या खोल्यांची भरपाई त्याने मान्य केली. मोरीची भिंत मात्र वगळली, कारण तिथली ओल जुनी होती.

नव्या फळ्या बसल्या. काकूंना पुढची काही वर्षं बरी गेली. महाराष्ट्र झाला त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. पुढे मी दादरला राहायला गेलो, आणि काकू गेल्याचं कळलं तेव्हा परगावी होतो. परतल्यावर काकांना भेटायला गेलो. पावसाळा होता. ते पलंगावर बसले होते आणि डोक्यामागे भिंतीवर हाताएवढा हिरवा डाग धरला होता. मी म्हटलं, "काका, पुसायला हवं हे."

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "राहू दे," ते म्हणाले. "आता कोणाला त्रास होणार आहे?"