मंडळीच्या फळ्या

मंडळीत मी जी सेवा निवडली ती सगळ्यात कमी वेळा करावी लागते म्हणून निवडली. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे स्वतःला चांगलं दाखवायची सोय राहणार नाही.

विसरवाडीहून डोंगराकडे वळलं की मोटारसायकलने अर्ध्या तासावर आमचं गाव. मेथडिस्ट चर्चची मंडळी जुनी, घरं थोडी. काही वर्षांपूर्वी नवे पाळकसाहेब बदलून आले. पहिल्याच महिन्यात त्यांनी उपासनेनंतर दाराशेजारच्या भिंतीवर मोठा कागद चिकटवला. वर लिहिलं होतं, 'मी काय करू शकतो?' खाली यादी होती: गायनमंडळ, संडे स्कूल, आजाऱ्यांच्या भेटी, दवाखान्यात सोबत, घरोघरचा मूठभर तांदूळ गोळा करून गरजूंना पोचवणं, ऊसतोडीला गेलेल्यांच्या म्हाताऱ्यांकडे लक्ष ठेवणं. अगदी शेवटी एकच शब्द होता: फळ्या. नाव लिहिल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही, असं साहेब हसत म्हणाले आणि खरंच दारात उभे राहिले.

मी तालुक्याच्या कचेरीत कारकून. गावात मला भाऊसाहेब म्हणतात, निम्मं आदरानं, निम्मं चिडवायला. रांगेत पुढे असलेली गायनमंडळातली मावशी वळून म्हणाली, "भाऊसाहेब गाणार असतील तर आधी सांगा, मी तांदळाला जाते." (गावातलं बोलणं सगळं आमच्या बोलीतलं; मी ते शाळेच्या मराठीत लिहितो आहे.) मी फळ्यांपुढे नाव लिहिलं आणि बायकोला हळूच म्हणालो, "लोक काही रोज मरत नाहीत."

"आणि मेलेलं माणूस तक्रार करत नाही," ती म्हणाली.

फळ्या म्हणजे पेटीच्या फळ्या. आमच्याकडे कुणी प्रभूत निजलं की शवपेटी मंडळी करते. विकत आणत नाहीत. शेतातला आंबा पाडला की त्यातून दोन-चार फळ्या मंडळीला द्यायच्या, असं जुन्या लोकांनी ठरवलेलं. चर्चच्या मागच्या खोलीत तुळयांवर साडेसहा फुटांच्या बारा फळ्या कायम असतात. सहात एक पेटी होते. पेटी करतात मिस्त्रीबाबा, सत्तरीचे, कानामागे पेन्सिल. माझं काम एवढंच, की खोलीची किल्ली जपायची, मरण झालं की सहा फळ्या काढून द्यायच्या आणि महिन्याभरात तितक्या पुन्हा जमवायच्या.

आणखी एक रीत सांगायला हवी. दिवसा कुणी खांद्यावर फळ्या घेऊन गावातून चर्चकडे किंवा मिस्त्रीबाबांकडे निघालं, की बघणारा हातातलं काम टाकतो आणि विचारतो, "कोण गेलं?" मग मागोमाग चालायला लागतो. घंटेच्या आधी फळ्याच बातमी सांगतात.

दोन वर्षं मी हे नीट केलं. तिसऱ्या वर्षी मुलीची सोयरीक जमली. नाताळच्या दिवसांत तिच्या सासरची माणसं पहिल्यांदा घरी येणार होती आणि आमच्या पुढच्या खोलीत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. बायकोला दिवाण हवा होता, खाली पेटी आणि वर बैठक असलेला. मला त्या बारांतल्या सहा फळ्या आठवल्या. 'बाकीच्या सहा आहेतच. मार्चपर्यंत नव्या आणून ठेवतो.' इतकं सोपं होतं ते. अंधार पडल्यावर ओळखीच्या टेम्पोत टाकून त्या विसरवाडीला नेल्या. मिस्त्रीबाबांना कळू नये म्हणून तिथल्या सुताराला दिल्या. त्याने प्रत्येक फळी मधोमध आडवी कापली. बारा तुकडे झाले: सहा बैठकीला, सहा खालच्या पेटीला. बायकोला सांगितलं, लाकूड विकत घेतलं.

पाहुणे त्यावर बसून पोहे खाऊन गेले. त्याच आठवड्यात नाताळची गाणी म्हणत फिरणारी मंडळीची माणसं आमच्याकडे आली. मिस्त्रीबाबा दिवाणावर बसले. चहा येईपर्यंत त्यांचा हात गादीखाली लाकडावरून फिरत होता. म्हणाले, "चांगलं लाकूड मिळालं, भाऊसाहेब." मी म्हणालो, "हो, योग आला." आणि त्यांच्या बशीत आणखी एक करंजी ठेवली.

मार्च आला, गेला. कुणी मेलं नाही, म्हणून मला घाई नव्हती.

पावसाळ्यात, चार दिवस झड लागलेली असताना, वरच्या पाड्यावरचे एक वृद्ध गेले. मी तुळईवरच्या सहा फळ्या काढून दिल्या. तुळई रिकामी झाली. ते पाहणारा मी एकटाच होतो. कुलूप लावून घरी आलो आणि ठरवलं, ऊन पडलं की विसरवाडीला जाऊन लाकूड आणू.

झडीच्या पाचव्या दिवशी सकाळी मिस्त्रीबाबांची बायको गेली. ताप होता दोन दिवस, दवाखान्यात न्यायचं त्याच दिवशी ठरलं होतं.

मी किल्ली घेऊन गेलो तेव्हा पाळकसाहेब आणि मिस्त्रीबाबा दोघंही खोलीपाशी उभे होते. मी दार उघडलं. तिघांनी वर पाहिलं. आत काय आहे हे मला माहीत होतं, तरी रिकाम्या तुळयांकडे मी असा पाहत राहिलो, जणू त्या पहिल्यांदाच पाहत होतो.

"सहा असायला हव्यात ना?" साहेब म्हणाले.

"मागच्या वेळी सगळ्याच लागल्या वाटतं," मी म्हणालो.

ही लबाडी नीट ठरवून केलेलीसुद्धा नव्हती. तोंडातून आपोआप आली. एका पेटीला नेमक्या किती फळ्या लागतात, याचा हिशोब साहेबांना पक्का ठाऊक नव्हता. मिस्त्रीबाबांना होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते घराकडे वळले. "मी विसरवाडीहून आणतो," असं मी त्यांच्या पाठीला सांगितलं. खरं सांगायची ती वेळ होती. पण मी मनाशी म्हटलं, त्या आता तुकडे झाल्या, सांगून उपयोग काय?

नाल्याला पाणी होतं. थांबत थांबत विसरवाडी गाठली. वखारवाला शटर अर्धं वर करून बसला होता.

"आंबानी फळी नही, भाऊ," तो अहिराणीत म्हणाला. "प्लाय शे, पन भिजेल शे. खिळा नही धरनार."

"मयतीला पाहिजे होती."

"मंग पह्यलेच लई ठेवानी ना," तो म्हणाला. आधीच नेऊन ठेवायची होती. त्याला काय माहीत, आधीच नेलेलीच होती.

परत आलो तेव्हा दुपार कलली होती. मिस्त्रीबाबांच्या घरापाशी रंध्याचा आवाज येत होता. मला वाटलं, कुणीतरी फळ्या दिल्या. सुटलो. गाडी लावून पुढे झालो आणि पाहिलं, घराला दार नव्हतं. चौकट होती, बिजागऱ्यांची भोकं होती, आणि आत भिंतीपाशी बायकांमध्ये निजवलेली त्यांची बायको रस्त्यावरून सरळ दिसत होती. अंगणात, प्लास्टिकच्या कागदाखाली, मिस्त्रीबाबा स्वतःच्या दाराच्या फळ्यांना रंधा मारत होते. निळा रंग निघून लाकडाच्या पांढऱ्या पट्ट्या उमटत होत्या. कडीची जागा अजून दिसत होती.

मी हात पुढे केला. त्यांनी फळीचं दुसरं टोक मला धरायला दिलं. आम्ही दोघांनी ती पेटी केली. पूर्ण वेळ ते फक्त "वर" आणि "खाली" एवढंच बोलले. संध्याकाळच्या आत दफन झालं. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत फळ्यांच्या सेवेसाठी देवाचे आभार मानले. माझं नाव घेतलं नाही, पण दोघा-तिघांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. चौकटीत पोत्याचा पडदा लावलेला होता. आत जाऊन उभ्या उभ्याच सांगून टाकलं: फळ्या, टेम्पो, दिवाण.

ते विळ्याला मूठ बसवत होते. हात थांबला नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले. "नाताळातच कळलं. मीच रंधा मारलेलं लाकूड, मला कळणार नाही?"

सात महिने. दर रविवारी हा माणूस माझ्याशेजारी बसत होता.

"मग बोलला का नाही, बाबा?"

"तेव्हा बोललो असतो तर तुझ्या पोरीच्या सासरी गेलं असतं ते. म्हटलं, आणून ठेवील, शिकलेला माणूस आहे." मग विळ्याकडेच पाहत, "मलाही घाई नव्हती. मरण माझ्याच घरी येईल, असं मला तरी कुठं वाटलं?"

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. निघताना त्यांनी एवढंच सांगितलं, "जे मंडळीचं आहे ते मंडळीत ठेव. दिवसा ने."

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती दिवाणावर बसूनच भाजी निवडत होती. ती उठली, परात उचलली, आणि मग गादी ओढून अंगणात टाकली. दिवाण खोलायला पेचकस तिनंच आणून दिला. "मी यावर झोपले," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार तुकडे दोरीने बांधून खांद्यावर घेतले आणि चर्चकडे निघालो. लोक विचारतील हे मला माहीत होतं. उत्तर रात्रभर घोकलं होतं. पण लोक काय विचारतील, हे मला कळलं नव्हतं.

पहिल्याच घरापाशी भांडी घासणारी बाई उभी राहिली. तिनं माझ्या खांद्याकडे पाहिलं, फळ्यांची लांबी पाहिली, आणि तिचा चेहरा उतरला.

"कोणाचं लेकरू?" ती म्हणाली.

मी 'कोण गेलं?' याचं उत्तर घोकलं होतं. मी बोलेपर्यंत ती राखेच्या हातांनी अंगणवाडीकडे पळत सुटली होती. पुढच्या घरातल्या आजीनं नातवाला हाका मारायला सुरुवात केली. त्याच्या पलीकडे आणखी कुणी. गल्लीभर मुलांची नावं ऐकू येत होती, आणि जिथून ओ यायला उशीर होत होता तिथला आवाज वाढत होता.

मी ओरडून सांगितलं, "कोणाचंही नाही. कोणी गेलं नाही. या मी चोरल्या होत्या. मंडळीच्या आहेत. माझ्या घरी दिवाण केला होता." मग हे प्रत्येक दारापाशी सांगत गेलो. काहींना दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा त्यांना फक्त 'कोणी गेलं नाही' तेवढंच ऐकू येत होतं.

चर्चपाशी पोचलो तेव्हा मागे पंचवीस-तीस माणसं होती. ती भांडी घासणारी बाई मुलाला कडेवर घेऊन आली होती. मूल मोठं होतं, पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते, तरी ती त्याला खाली ठेवत नव्हती. गायनमंडळातली मावशीही होती. ती मला काहीतरी चिडवून बोलेल असं वाटलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

मिस्त्रीबाबा पायरीवर बसले होते. त्यांनी दोरी सोडली, टेप लावला. सव्वातीन फूट. टेप मिटला आणि लोकांकडे न पाहता म्हणाले, "आता या तेवढ्याच कामाच्या राहिल्या."

"जाळून टाकू का?" मी विचारलं.

"मंडळीचं लाकूड जाळणारा तू कोण? वर ठेव. मागच्या कोपऱ्यात. आणि यांना खाली काढायची वेळ येऊ नये, एवढी प्रार्थना कर. हीच तुझी सेवा."

उरलेले आठ तुकडे मी आणखी दोन खेपांत आणले. तेव्हा कुणी काही विचारलं नाही.

नव्या बारा फळ्या तुळयांवर चढल्या आहेत. मिस्त्रीबाबांनी स्वतःचं दार पाऊस संपल्यावर केलं, टोक धरायला मला बोलावलं. भिंतीवर आता दुसरा कागद आहे. त्यावरही फळ्यांपुढे माझंच नाव होतं; ते मी खोडायला गेलो, तर पाळकसाहेब म्हणाले, "मिस्त्रीबाबांनी राहू द्यायला सांगितलंय." किल्ली माझ्याकडेच आहे. गावात कुणाचं मूल तापाने फणफणलं असं कळलं की मी कचेरीतून सुट्टी टाकतो आणि गाडी घेऊन त्यांच्या दारात जातो, दवाखान्यात न्यायला. लोकांना वाटतं, भाऊसाहेबांनी दवाखान्याची सेवाही घेतली. ती भांडी घासणारी बाई मात्र मला दारात पाहिलं की आधी मुलाचा हात धरते, मग माझ्याशी बोलते.